मनाला लावून घेणार नाही

पूर्वी आपल्याकडे कवी होते. तसे आजही आहेत. पण पूर्वीच्या कवीला कविता ऐकवायची तर तुमच्या घरी यावं लागे. तो फाटकातून येताना दिसे, काखेतली वही दिसे, आणि सावध गृहस्थाला पिशवी घेऊन मागच्या दाराने मंडई गाठता येई. नंतर एकांकिका लिहिणारे आले. ते वाचनाला बोलावत. बोलावणं आलं की न जाण्याची सोयही आलीच. घसा, पाहुणे, पाऊस, काहीही चालून जाई. आताच्या कलावंतापुढे यातलं काही चालत नाही. तो येत नाही, बोलावतही नाही. तो लिंक पाठवतो. खाली लिहितो, ‘काका, शॉर्टफिल्म केलीय. बघून खरं खरं सांगा. मनाला लावून घेणार नाही.’ आणि मग त्या दोन खुणा निळ्या व्हायची वाट बघत बसतो.

हा मुलगा बहुधा मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला असतो. पुण्यात दर सोसायटीला एक असतोच. सोसायटी मोठी असेल तर दर विंगला. आमच्याकडच्याला सगळे ‘दिग्दर्शक’ म्हणतात. आधी थट्टेने म्हणत, मग सवय झाली. आता वॉचमनच्या वहीत ‘कोणाकडे जायचे’ या रकान्यात फ्लॅट नंबर न लिहिता नुसतं ‘दिग्दर्शक’ लिहिलेलं असतं.

त्याला ओळखणं सोपं. आपण घर बघतो, तो लोकेशन बघतो. “काका, तुमच्या पॅसेजमध्ये साडेचारला काय लाइट येतो हो!” असं तो म्हणाला, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना कौतुक वाटलं. पुढच्याच रविवारी साडेचारला त्या पॅसेजमध्ये सात मुलं, दोन स्टँड आणि थर्माकोलचा एक मोठा तुकडा होता, आणि मला माझ्याच न्हाणीघरात जायला ‘कट’ ऐकू येईपर्यंत थांबावं लागलं. माणसांकडेही तो याच नजरेने बघतो. इस्त्रीवाल्याचा चेहरा त्याला ‘रॉ’ वाटतो. पहिल्या मजल्यावरच्या नानांचा खोकला ‘ऑथेंटिक’ वाटतो. नाना राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आपला खोकला दोनदा रेकॉर्ड करू दिला. एकदा बसून आणि एकदा उभं राहून.

यंदा आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये त्याची जी फिल्म आहे, तिचं नाव ‘आपण बोलून घेऊ’. प्रकार विनोदी. विषय, कचेरीत माणसं एकमेकांशी काय आणि कसं बोलतात.

दिग्दर्शकाने आजवर एकाही कचेरीत नोकरी केलेली नाही. कॉलेजच्या ऑफिसबाहेर बोनाफाइडसाठी खिडकीशी उभं राहणं, एवढाच त्याचा कचेरीचा अनुभव. त्या खिडकीतून त्याने दोनच संवाद ऐकले आहेत: ‘मॅडम जेवायला गेल्यात’ आणि ‘झेरॉक्स जोडली नाही’. पण अनुभवाची कसर त्याने अभ्यासाने भरून काढली. २००१ साली बीबीसीवर ‘द ऑफिस’ नावाची मालिका आली. स्लाउ गावात कागद विकणाऱ्या कंपनीची एक शाखा, आणि तिथे दिवसभर चाललेलं निरर्थक बोलणं. २००५ मध्ये अमेरिकेने तिचा आपला अवतार काढला. तो नऊ सीझन, म्हणजे २०१३ पर्यंत चालला. दिग्दर्शकाने ते नऊच्या नऊ सीझन पाहिले आहेत, परीक्षेच्या दिवसांत तर दुसऱ्यांदा. परिणाम असा की, पेनसिल्वेनियातल्या स्क्रँटन गावच्या त्या कचेरीत कोण कोणाच्या शेजारी बसतं हे त्याला तोंडपाठ आहे, आणि हिंजवडी मात्र त्याने हायवेवरून जाताना खिडकीतून पाहिली आहे.

त्या मालिकेत पात्रं बोलता बोलता मध्येच कॅमेऱ्याकडे बघतात. आमच्या फिल्ममध्येही बघतात. फरक इतकाच की स्क्रँटनची माणसं बघतात ती ‘पाहा, कसल्या लोकांत दिवस काढतोय’ हे आपल्याला सांगायला, आणि आमची बघतात ती ‘आता माझंच वाक्य ना?’ हे दिग्दर्शकाला विचारायला.

गोष्ट साधी आहे. चार कर्मचारी एका फाइलवर चर्चा करायला जमतात. फाइल कोणीच उघडलेली नाही. त्यामुळे जो तो ‘माझ्या बाजूने झालंय’ असं म्हणतो. मग त्यातला एक म्हणतो, “यावर आपण बोलून घेऊ.” दुसरा म्हणतो, “आत्ता बोलतोयच की.” पहिला म्हणतो, “हो, पण नीट बोलून घेऊ.” तेवढ्यात साहेब लॅपटॉपच्या पडद्यावर येतात आणि आवाज बंद ठेवूनच पाच-सहा वाक्यं बोलतात. सगळे माना डोलावतात. एक मुलगा साहेबांचं ते न ऐकू आलेलं बोलणं वहीत लिहून घेतो. शेवटी पुढची मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायला एक मीटिंग ठरते. संपलं.

आता हे वाचताना तुम्हाला गंमत वाटली असेल, तर ती दिग्दर्शकाला जाऊन सांगा. कारण ही गंमत कागदावर होती. मग शूटिंग झालं.

शूटिंग त्याच्या मामाच्या सीएच्या ऑफिसात, नारायण पेठेत, एका रविवारी, मे महिन्यात. पटकथेत ती बहुराष्ट्रीय सॉफ्टवेअर कंपनी आहे. पडद्यावर तिच्या भिंतीला लक्ष्मीची तसबीर आहे, तसबिरीला लाल बल्ब आहे, आणि शेजारी एका पतसंस्थेचं कॅलेंडर आहे, त्यात रिटर्न भरायच्या तारखांना लाल गोल. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. खिडकी उघडली तर भंगारवाल्याची आरोळी येते म्हणून खिडकी बंद. त्यामुळे बहुराष्ट्रीय कंपनीचे चारही कर्मचारी पहिल्या मिनिटापासून घामाने निथळताहेत. साहेबांची भूमिका करणाऱ्याला अजून धड मिशी फुटलेली नाही, म्हणून त्याला टाय दिला. टाय दिग्दर्शकाच्या वडिलांच्या लग्नातला, पदराइतका रुंद. आणि टेबलावरचा चहाचा कप हे या फिल्ममधलं एकमेव पात्र आहे ज्याच्यात काही परिवर्तन घडतं: तो भरलेला असतो, अर्धा होतो, पुन्हा भरतो, नाहीसा होतो आणि शेवटच्या प्रसंगात त्याच्या जागी स्टीलचा पेला येतो.

पहिला कट तेवीस मिनिटांचा झाला. फार लांब नाही का, असं कोणी तरी विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, “ऑस्करच्या नियमात चाळीस मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्टच धरतात.” नियम खरा आहे. पण ऑस्करचे परीक्षक आमच्या सोसायटीत राहत नाहीत.

इथून अभिप्रायाचा मोसम सुरू झाला.

पहिला अभिप्राय आईचा. तिने फिल्म संपूर्ण पाहिली, सलग पाहिली, मध्ये गॅस बारीक करायलाही उठली नाही. मग म्हणाली, “छान झालंय हो. पण तो तुझा मित्र किती वाळलाय! मेसमध्ये जेवतो का तो?” थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, “आणि तो पेला आपला ना रे? परत आणलास का?”

दुसरा अभिप्राय ताईचा, म्हणजे दिग्दर्शकाच्या थोरल्या बहिणीचा. तिला मान जास्त, कारण ती खरोखरच हिंजवडीत नोकरी करते. आठवड्यातले तीन दिवस वाहतूक कोंडीत आणि दोन दिवस घरून. तिने लॅपटॉप बाजूला सारून फिल्म लावली. चार मिनिटं झाली असतील, तिचा फोन वाजला. ती उठून बाल्कनीत गेली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाही नाही, माझ्या बाजूने झालंय... हो... नाही, त्यांच्याशी मी बोलले नाहीये... करू ना, आपण बोलून घेऊ... हो, नीटच बोलून घेऊ.” परत येऊन बसली, उरलेली फिल्म पाहिली आणि गंभीरपणे म्हणाली, “टेक्निकली बरी आहे. पण डायलॉग खोटे वाटतात रे. ऑफिसात असं कोणी बोलत नाही.”

तिसरे नाना. नानांनी फिल्म पाहिली की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्यांचा अभिप्राय ते बँकेत लागले तिथून सुरू झाला. लेजरची जाडजूड पुस्तकं, मॅनेजरचा पानाचा डबा, संगणक आणायचा म्हटल्यावर युनियनने काढलेला मोर्चा, त्या मोर्चात सर्वांत पुढे असलेले आणि नंतर सर्वांत आधी संगणक शिकलेले एक गृहस्थ. सगळं ऐकवून नाना म्हणाले, “खरी मजा तर आमच्या वेळच्या ऑफिसात होती. तू यात एक युनियनचा सीन टाक.” मग जरा थांबून, “आणि त्यात तो माझा खोकला वापर.”

चौथा त्याचा मित्र. त्याने लिंक पोचल्यापासून चाळीस सेकंदांच्या आत ‘भारी!!!’ असं उत्तर पाठवलं, सोबत आगीच्या तीन ज्वाळा. फिल्मचं नाव पडद्यावर यायलाच पन्नास सेकंद लागतात.

पाचवा अभिप्राय नाटकवाल्याचा. हा गृहस्थ कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकात होता. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि पुण्यातल्या निम्म्या मध्यमवयीन पुरुषांना तिच्यात आपली कारकीर्द सुरू झाली आणि तिथेच संपली असं वाटतं. हा प्राथमिक फेरीत जमावातला एक होता. त्यानंतर तो बँकेत गेला, पण त्याच्या आतला जमाव काही पांगला नाही. तो म्हणाला, “दोन गोष्टी. एक, पॉज घे. दोन, शेवटी ब्लॅकआउट घे आणि अंधारात एकच वाक्य ऐकू येऊ दे.” कोणतं वाक्य, हे त्याने सांगितलं नाही. “ते तुला आतून सापडेल,” म्हणाला.

सहावा, फिल्म सोसायटीवाला. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये फिल्म आर्काइव्ह निघालं, आणि लॉ कॉलेज रोडच्या आसपास राहणाऱ्यांची एक पिढी त्या हवेवर वाढली. या पिढीचा माणूस तुमची फिल्म पाहून तिच्याविषयी बोलत नाही. तुम्ही काय पाहिलेलं नाही, ते विचारतो. “तातीचा ‘प्लेटाइम’ पाहिलायस? १९६७ चा? नाही? मग कचेरीवर फिल्म कशी काय केलीस?” त्या चित्रपटात जाक ताती वरच्या मजल्यावरून खाली बघतो आणि खाली सगळं ऑफिस खोक्याखोक्यांत बसलेलं दिसतं. दिग्दर्शकाने त्याच रात्री तो पाहिला. पुढच्या रविवारी तो मामाच्या ऑफिसातल्या गोदरेजच्या कपाटावर चढला. म्हणून आता फिल्ममध्ये एक शॉट थेट वरून आहे. त्यात चार डोकी आहेत, डोक्यांच्या वर बंद पंखा आहे आणि पंख्यावर तीन दिवाळ्यांची धूळ आहे.

सातवे कॉलेजचे सर. त्यांच्याकडे छापील तक्ता होता: तंत्र, आशय, सादरीकरण, सामाजिक संदेश. पहिल्या तिन्हीत त्यांनी बरे गुण दिले आणि चौथ्या रकान्याशी पेन अडलं. “संदेश कुठाय?” दिग्दर्शक म्हणाला, “सर, विनोदी आहे.” सर म्हणाले, “असू दे ना. विनोदी असली तरी शेवटी एक पाटी टाक. ‘संवाद साधा, नाती जपा’ वगैरे.”

या सगळ्यांपुढे दिग्दर्शक कसा वागतो, हे पाहण्याजोगं असतं. मनाला लावून घेणार नाही, असं त्याने आधीच लिहून दिलेलं असतं. त्यामुळे मनाला लागलेलं दाखवायची सोय नसते. तुम्ही पहिला दोष सांगेपर्यंत तो मान हलवतो. दुसऱ्या दोषाला वही बंद करतो. तिसऱ्याला त्याचं ठरलेलं वाक्य येतं: “ते मुद्दामच ठेवलंय, काका.”

लक्ष्मीची तसबीर? “मुद्दाम. भांडवलशाही.” सगळ्यांना आलेला घाम? “मुद्दाम. घुसमट.” कप भरतो, रिकामा होतो, तो? “काळ, काका. ऑफिसात काळ असाच जातो.” आणि स्टीलचा पेला? यावर तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “त्याचा अर्थ मला सांगायचा नाहीये. प्रेक्षकाने शोधावा.” शोध आईने आधीच लावला होता.

पण हा ताठा दिवसाउजेडीचा. रात्री घरी गेल्यावर तो प्रत्येकाचं ऐकतो, एकाचंही सोडत नाही. त्याच्या लॅपटॉपवर फायली आहेत: फायनल, फायनल दोन, फायनल खरंच, फायनल सरांसाठी, फायनल नाना. युनियनच्या मोर्चासकट फिल्म एकतीस मिनिटांची झाली. ताई म्हणाली हल्ली एवढं कोणी बघत नाही, तेव्हा ती सहा मिनिटांची झाली. त्यात मीटिंग संपते आणि मग सुरू होते. नाटकवाल्याच्या आग्रहाखातर एका कटात शेवटी ब्लॅकआउट आहे, आणि त्या अंधारात जे एकच वाक्य ऐकू यायचं होतं, त्या जागी नानांचा खोकला आहे. खरं सांगायचं तर तो परिणामकारक आहे.

सोळा मिनिटांवर फिल्म जरा स्थिरावली, तेव्हा मी ती लक्ष देऊन पाहिली. एक गोष्ट मला खटकली. दर विनोदी वाक्यानंतर चारही पात्रं तीन-चार सेकंद गप्प उभी राहतात. कोणी बोलत नाही, हलत नाही. मला वाटलं फोन अडकला. नानांनी तर दर वेळी राउटर बंद करून चालू केला होता.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“ती हशाची जागा आहे,” दिग्दर्शक म्हणाला. आणि मग या मुलाविषयी माझं मत थोडं बदलावं लागेल असं तो बोलू लागला. १९३५ साली मार्क्स बंधूंचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ आला. निर्माता होता इरविंग थालबर्ग. कॅमेऱ्यापुढे जायच्या आधी त्याने या मंडळींना त्या चित्रपटातले प्रसंग घेऊन रंगमंचावर दौऱ्याला पाठवलं. रोज प्रेक्षकांपुढे विनोद करायचे, लोक कुठे हसतात आणि किती वेळ हसतात ते टिपायचं, आणि चित्रीकरणात तेवढी जागा सोडायची, म्हणजे पुढचं वाक्य हशात बुडत नाही. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, हॅरॉल्ड लॉइड नवा चित्रपट एखाद्या थिएटरात लोकांना दाखवून बघायचा. जिथे हशा आला नाही तिथे कात्री, किंवा पुन्हा शूटिंग. “आणि फाळके?” दिग्दर्शकाला आता चेव आला होता. “रोप उगवताना महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केली. ती आधी ओळखीच्यांनाच दाखवली. ते बघून पैसे द्यायला लोक पुढे आले. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा ३ मे १९१३ ला कॉरोनेशनला लागला, त्याच्या आधी २१ एप्रिलला ऑलिंपियात निमंत्रितांना दाखवलाच की! आणि काका, त्यांची नट मंडळी बाहेर काय सांगायची माहितीय? हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो! सिनेमात आहोत म्हटलं तर घरचे मारतील.”

“तुझी मंडळी घरी काय सांगतात?”

“इंटर्नशिप.”

हे सगळं त्याला माहीत होतं, आणि तरी त्याला एक गोष्ट दिसत नव्हती. लॉइड काय, मार्क्स बंधू काय, त्यांनी कोणाला ‘खरं खरं सांगा’ म्हणून गळ घातली नव्हती. ते काळोखात कान देऊन बसले होते. विनोदाला दाद एकच, आणि ती माणूस ठरवून देत नाही. त्याच्या तोंडून निसटते. तिच्याविषयी नंतर मागाहून विचारलं की माणूस विचार करू लागतो, आणि विचार करू लागला की त्याला आपलं ऑफिस, आपलं नाटक, आपली बँक आठवते. शिवाय हशाला सोबत लागते. दुपारी अडीचला, एकट्याने, हेडफोन लावून, खालून उत्तराची वाट बघणारा मुलगा आहे हे ठाऊक असताना, हसणारा माणूस मी तरी पाहिला नाही. त्या तीन-चार सेकंदांच्या जागा आमच्यासारख्या एकट्या प्रेक्षकांच्या हातात पडल्या आणि रिकाम्या राहिल्या.

हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे पॉज कमी करू?”

गणपतीत त्याला संधी मिळाली. सोसायटीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात वेषभूषा स्पर्धा आणि अंताक्षरी यांच्यामध्ये वीस मिनिटं मोकळी होती, कारण कराओकेवाल्यांचा माइक बिघडला होता. पार्किंगमध्ये दोन खांबांना दोरी बांधून पांढरी चादर लावली. प्रोजेक्टर मामाच्या ऑफिसातला. पुढे सतरंजीवर पोरं; त्यात एक शिवाजी महाराज, दोन झाशीच्या राण्या आणि एक कोबी. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वडीलधारे. दिग्दर्शक पडद्याला पाठ करून, चादरीच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला. त्याला कोणी तरी खाली बस म्हणालं. तो बसला नाही.

पहिली दोन मिनिटं कोणी हसलं नाही. लक्ष्मीच्या तसबिरीला दोघा-तिघांनी सवयीने हात जोडले. मग तो प्रसंग आला. “यावर आपण बोलून घेऊ.” “आत्ता बोलतोयच की.” “हो, पण नीट बोलून घेऊ.”

आणि सगळं पार्किंग हसलं. आधी बी विंगकडून सुरू झालं, मग सगळीकडे पसरलं. कारण बी विंगची लिफ्ट बंद होती आणि तिचा विषय निघाला की गेल्या सगळ्या सर्वसाधारण सभांमध्ये आमचे सेक्रेटरी अगदी याच सुरात, अगदी हेच वाक्य म्हणत आले आहेत. स्क्रँटन नाही, हिंजवडी नाही. लोकांना पडद्यावर आपली सोसायटी दिसली. पात्रं तीन-चार सेकंद गप्प उभी होती, आणि ते तीन-चार सेकंद पहिल्यांदाच पुरेनात. पुढचं वाक्य हशात गेलं. साहेब आवाज बंद ठेवून बोलू लागले तेव्हा ताई एवढी हसली की शेजारच्या बाईंनी तिला पाणी दिलं. ती म्हणत होती, “अहो, आमच्याकडे खरंच असं होतं!” नानांना हसताना खोकला आला, पडद्यावरही नेमका त्यांचाच खोकला वाजला, आणि हा खोकला कुठला यावर खुर्च्यांमध्ये चर्चा झाली.

दिग्दर्शक एकदाही पडद्याकडे वळला नाही. त्याच्या हातात वही होती, पण तो काही लिहीत नव्हता. ते पाहून मला वाटलं, चला, सुटला मुलगा.

प्रसाद वाटताना सेक्रेटरी आले. चेहरा गंभीर. “फिल्म चांगली आहे,” ते म्हणाले, “पण सणासुदीला लिफ्टचा विषय काढायला नको होता.”

फिल्ममध्ये लिफ्ट नाही. लिफ्टचं नावही नाही. मामाचं ऑफिस तळमजल्यावर आहे. दिग्दर्शकाच्या डोक्यात ती लिफ्ट कधी, कुठल्याही कटमध्ये, आली नव्हती. हे त्याच्या तोंडावर मला स्वच्छ वाचता आलं. पण एका सेकंदाचाही पॉज न घेता तो म्हणाला, “ते मुद्दामच ठेवलंय, काका.”

सेक्रेटरी गेले. मग तो माझ्याकडे वळला. “तुम्ही हसलात?”

“हसलो की.”

“कुठे?”

“तो एक मुलगा साहेबांचं न ऐकू आलेलं बोलणं लिहून घेतो ना, तिथे.”

“किती वाजता? म्हणजे, फिल्ममध्ये कितव्या मिनिटाला?” त्याने वही उघडली. मी अंदाजाने सांगितलं. त्याने लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि प्रसाद न घेताच जिना चढून गेला.

रात्री साडेबाराला फोन वाजला. नवी लिंक होती. खाली मजकूर: ‘काका, तुम्ही हसलात तो सीन वाढवलाय. आता चौघंही लिहून घेतात, आणि चार मिनिटं लिहितात. बघून खरं खरं सांगा.’

डोळे मिटत होते. मी लिंक न उघडताच ‘भारी!’ असं लिहून पाठवलं आणि वर ज्वाळाही लावल्या.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. ‘थँक्यू काका. पण व्ह्यूजचा आकडा अजून शून्यच दाखवतोय.’